फ्रीजमधल्या किल्ल्या

गुरुवारी आठ वाजता
‘ग्रे हेरन’च्या वरच्या खोलीत गाणं असतं.
माईक नाही. मंच म्हणजे एक गालिचा,
त्याला सिगारेटचं जुनं भोक.
त्यावर जो उभा राहील तो गवई.

जिन्याच्या तोंडाशी मॉरीन थर्लवेल बसते,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन.
पाच पाउंड. नसतील तर तीन.
तेही नसतील तर ती छताकडे बघते
आणि तेवढ्यात माणूस आत गेलेला असतो.

सत्तावीस खुर्च्या. कोपऱ्यात फ्रीज,
कुणाच्या तरी लग्नासाठी वर चढवलेला,
खाली न्यायला कुणी आलंच नाही.
तो घुमतो.
एरवी कळत नाही, पण कुणी हलक्या गळ्यानं
बुडालेल्या नावाड्याचं गाणं धरलं
की हा आपला मधेच,
न विचारता सल्ला देणाऱ्या मेहुण्यासारखा.

म्हणून डग्लस हेपल दर गुरुवारी
गुडघा टेकून प्लग काढायचा
आणि आपल्या गाडीच्या किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवायचा,
लिंबाच्या फोडींशेजारी.
किल्ल्यांवाचून घरी जाता येत नाही,
म्हणजे प्लग लावायचा विसरता येत नाही.
एकोणीस वर्षं त्यानं
गारठलेल्या किल्ल्यांनी गाडी सुरू केली.
एकदाच दूध नासलं.
त्या रात्री तो चालत आला होता.

त्याला गाता येत नव्हतं.
पण ईनिड चार्लटनला पहिला सूर तोच द्यायचा,
तिसऱ्या रांगेतून, ओठ मिटून,
मधमाशीएवढा.
ती तो उचलायची
आणि अकरा कडवी खाली ठेवायची नाही.

फेब्रुवारीत गेला. मेंढ्यांना चारा टाकताना,
उभ्या उभ्या. कुत्र्यानं भुंकून कळवलं.

पुढच्या गुरुवारी बर्फ. पाहुणी गायिका
ॲनिकच्या अलीकडे गाडीत अडकून पडली.
आम्ही नऊ जण.
भाषण कुणी केलं नाही.
डॉड्सच्या मुलानं गिटार वाजवली,
तीनच कॉर्ड, तिसरा दर वेळी उशिरा.
विल्फनं कॉन्सर्टिना उघडला तेव्हा
सुरांआधी भात्यातली हवा ऐकू आली,
इतकी माणसं कमी होती.

मग ईनिड उठली.
एक हात खुर्चीच्या पाठीवर.
तोंड उघडलं.
थांबली.

तिसऱ्या रांगेत फक्त मॉरीनचा कोट होता.

आणि फ्रीज चालू होता.
दीड तास चालू होता, आम्हाला पत्ता नाही.
डॉड्स ओशाळून उठला, वाकला,
हात प्लगपर्यंत गेला,
तोच ईनिडनं बोट वर केलं.
वर्गात बाई करतात तसं.

ती ऐकत होती.
पांढरी पाच आणि काळी चार यांच्या फटीत पडलेला,
कुठल्याच पेटीवर नसलेला सूर.
तोच तिनं षड्ज मानला.

नावाडी निघाला. बायकोनं दिवा लावला.
पाणी चढलं.
ध्रुपदाला आम्ही सगळे शिरलो,
बेसूर विल्फसकट,
आणि खाली तो पांढरा ठोकळा
तानपुऱ्यासारखा, न थकता.

नवव्या कडव्यात फ्रीज खटकन बंद पडला.
त्याची सवयच ती, गार झालं की थांबतो.
ईनिडचा आवाज पायरी चुकल्यासारखा
एक क्षण हवेत राहिला.
मग तिनं उरलेली दोन कडवी
एकटीनं नदीपार नेली.
ध्रुपद आम्ही म्हटलं नाही.

टाळ्यांच्या आधी कुणीतरी शिंकलं.
रॅफल झालं. सहा बदकाची अंडी,
मॉरीनचीच, मॉरीनलाच लागली.
ती चिडली, पुन्हा चिठ्ठी काढायला लावली.

जिना उतरताना प्रत्येक जण
खिसे चाचपत होता.
माझ्या किल्ल्या माझ्याच खिशात होत्या.
उबदार.
ते मला आवडलं नाही.